डॅन्यूबकांठचीं दारें

परदेशाहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारण्यांत येतात. खाण्याचे हाल किती झाले, हा पहिला. आणि तिकडचे लोक खरोखरच आपल्यापेक्षां प्रामाणिक असतात काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर मीं व्हिएन्नाहून परततांच घरांतील वडीलधाऱ्यांना देऊन टाकलें. पुतणीच्या घरीं वरणभात होता, आणि बाहेर सफरचंदाचें सारण भरलेली गोड गुंडाळी, जिला तिकडे आप्फेलश्ट्रूडेल म्हणतात, ती कोठेंही मिळे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला अजून नीट उत्तर देतां आलेलें नाहीं. त्या शहरांत माझ्या लक्षांत राहिलीं तीं दारें. कांहीं उघडीं, पुष्कळशीं बंद. त्यांचीच हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

माझी पुतणी आणि तिचे यजमान गेलीं चार वर्षें व्हिएन्नास असतात. ती तेथें आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास करते. २०२५ च्या जून महिन्यांत तिनें आग्रहानें बोलाविलें. माझी उभी हयात हिशेबतपासणींत गेली असल्यामुळें राजवाडे व चित्रशाळा यांपेक्षां कोणाचा जमाखर्च कोणाला दाखविला जातो या गोष्टींत मला अधिक रस, हें तिला लहानपणापासून ठाऊक आहे. “काका, तुम्हांला आवडेल असें एक भांडण येथें चाललें आहे,” असें तिनें विमानतळावरच सांगितलें. भांडण म्हटल्यावर प्रवासाचा शीण निम्मा उतरला.

पहिल्या दिवशीं आम्ही जुन्या शहरांत गेलों. सेंट स्टीफनच्या देवळाचा दक्षिणेकडील मनोरा १३६ मीटर उंच असून तो दुरूनही दिसतो; माझ्यासारख्या वाट चुकणाऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार. तेथून श्रीमंती दुकानांच्या रस्त्यानें आणि हॉफबुर्ग राजवाड्याच्या कमानींखालून चालत गेलें म्हणजे बालहाउसप्लात्झ नांवाचा चौक लागतो. दरबारी मंडळींसाठीं येथें पूर्वीं चेंडू खेळण्याचें एक घर होतें, त्यावरून चौकाचें नांव पडलें. तेथें जो वाडा आहे त्यांत ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर अजूनही बसतात. राज्यकारभाराची जागा म्हणून तो मला फारसा भपकेबाज वाटला नाहीं. आमच्यासारखे दहावीस रिकामटेकडे छायाचित्रें घेत उभे होते, एवढीच काय ती वर्दळ.

परंतु १८१४ च्या सप्टेंबरपासून १८१५ च्या जूनपर्यंत युरोपची वांटणी झाली ती या शहरांत, आणि त्या वांटणीचें मुख्य ठिकाण हा वाडा. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रशियाचा झार, प्रशियाचा राजा, इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री, फ्रान्सचा तालेरां असे सगळे येथें जमले. यजमानपण ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याचें. पोलंडचा केवढा तुकडा कोणाला, सॅक्सनीचें काय करावयाचें, हें ठरवितांना त्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांना विचारावें असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. वाड्यांतील एका दालनाला पांच दारें आहेत. पांच मोठ्या सत्तांच्या प्रतिनिधींना एकाच क्षणीं आंत पाऊल टाकतां यावें, कोणी आधीं व कोणी मागून असा मानापमान होऊं नये, म्हणून तीं आहेत असें सांगतात. आपल्याकडील लग्नांतल्या विहिणींच्या पंगतीची आठवण होऊन मला हंसूं आलें. ही काँग्रेस नाचते पुष्कळ, पण पुढें सरकत नाहीं, अशी थट्टा त्या वेळींच झाली होती.

दाराआड काय शिजत आहे हें लोकांना कळत नसे. सम्राटाला मात्र पाहुण्यांविषयीं बरेंच कळे. पोलीसप्रमुख बॅरन हागर याचीं माणसें पाहुण्यांच्या बिऱ्हाडीं नोकर होऊन राहत, पत्रें फोडून त्यांच्या नकला करीत, शेगडींतील अर्धवट जळालेले व टोपलींतील फाडलेले कागद गोळा करून जुळवीत. ते अहवाल जवळजवळ शंभर वर्षें दप्तरांत पडून राहिले. १९१३ सालीं आउगुस्ट फूर्निये या इतिहासकारानें ते छापले, आणि मग ते कोणालाही वाचतां येऊं लागले. ज्यांच्याविषयीं ते लिहिले होते तीं माणसें तोंवर कधींच मातींत मिळालीं होतीं.

सायंकाळीं आम्ही एका कॉफीगृहांत बसलों. व्हिएन्नाच्या कॉफीगृहासारखी जागा आमच्या पुण्यांत नाहीं, हें मोठ्या कष्टानें कबूल करतों. एक पेला कॉफी मागवून तीन तास बसावें, लांकडी दांडींत अडकविलेलीं वर्तमानपत्रें वाचावीं. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, आणि ‘आतां उठा’ असें कोणी म्हणत नाहीं. तेथें जांवईबापूंनीं मला एक नवल सांगितलें. सरकारी कामकाज गुप्त ठेवणें हें अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे, असें कलम ऑस्ट्रियाच्या राज्यघटनेंत सुमारें शंभर वर्षें होतें. नागरिकानें कांहीं विचारलें तर ‘तें गोपनीय आहे’ हें उत्तर तोंडाशीं तयार. घटनेंत असें कलम बाळगणारा युरोपीय संघांतील हा शेवटचा देश. कित्येक वर्षांच्या चळवळीनंतर जानेवारी २०२४ मध्यें तेथील संसदेनें तें काढून टाकण्याचें ठरविलें. नवा माहितीचा कायदा मात्र १ सप्टेंबर २०२५ पासून लागूं व्हावयाचा होता. म्हणजे मी तेथें होतों तेव्हां तें जुनें कलम शेवटचे दोनअडीच महिने मोजीत होतें.

हें ऐकून माझी मान अर्थातच ताठ झाली. आमच्या महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. तो १२ ऑक्टोबर २००५ रोजीं अमलांत आला त्याच दिवशीं पहिला अर्ज पडला तो पुण्यांतील एका पोलीस ठाण्यांत, हें मीं जांवईबापूंना ऐकविलें. पुतणी शांतपणें म्हणाली, “आणि काका, २०२३ च्या कायद्यानें त्यांतल्या खाजगी माहितीच्या कलमाला जी कात्री लागली ती?” सार्वजनिक हितासाठीं अशी माहिती द्यावी, अशी जी वाट त्या कलमांतच ठेविली होती ती त्या दुरुस्तीनें काढून टाकली, हें खरें आहे. दुसऱ्या एका कलमांत ती वाट शिल्लक आहे असें सरकार म्हणतें. अर्ज करणारे म्हणतात कीं अधिकाऱ्याच्या हातीं नकाराचा शिक्का आला. मीं कॉफीचा घोट घेतला. दार एकदां उघडलें म्हणजे तें उघडेंच राहतें अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशीं नदीपलीकडे गेलों. भुयारी आगगाडी जमिनीखालून वर येते आणि राइश्सब्र्यूके नांवाच्या पुलावरून डॅन्यूब ओलांडते. येथला आधींचा पूल १ ऑगस्ट १९७६ रोजीं पहाटे एकाएकीं नदींत कोसळला. हा १९८० चा. गाडींतून पाहतांना नद्या दोन दिसतात. पुराचें पाणी वाहून जावें म्हणून मूळ प्रवाहाशेजारीं दुसरा पाट खणला, आणि निघालेल्या मातीचें २१ किलोमीटर लांबीचें बेट झालें. त्यावर लोक उन्हांत खुशाल पडलेले असतात. डॅन्यूब निळी असते या समजुतीनें मात्र कोणी जाऊं नये. मला दिसली ती हिरवट होती.

पलीकडच्या स्थानकावर उतरलें कीं समोर वांकदार भिंतींच्या उंच इमारतींचा पुंजका दिसतो. संयुक्त राष्ट्रांचें हें ठाणें १९७९ सालीं उघडलें. ऑस्ट्रियानें ही सारी जागा वर्षाला एक शिलिंग भाड्यानें दिली. शिलिंग गेलें, युरो आला. तें भाडें आतां सात सेंट होतें. पुण्यांतील जुन्या वाड्यांच्या भाडेकरूंनाही हेवा वाटावा असा हा दर आहे. फाटकाशीं पारपत्र दाखवून, पिशवी यंत्रांतून काढून, वाटाड्याबरोबर आम्हां प्रवाशांना आंत हिंडतां येतें. चौकांत कारंज्याभोंवतीं राष्ट्रांचे ध्वज वर्तुळांत उभे आहेत. सभागृहांचीं दारें दिसतात. त्यांपैकीं एका दाराशीं पुतणीचें तें भांडण चाललें होतें.

संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार याच शहरांत २००२ व २००३ या दोन वर्षांत वाटाघाटी होऊन तयार झाला. डिसेंबर २००३ मध्यें मेक्सिकोंतील मेरिडा येथें त्यावर सह्या होऊं लागल्या आणि १४ डिसेंबर २००५ पासून तो अमलांत आला. आपल्या देशानें २०११ च्या मे महिन्यांत त्याला मान्यता दिली. आज १९० हून अधिक पक्ष त्यानें बांधले गेले आहेत. एकंदर ७१ कलमें. त्यांतील तेरावें असें कीं, भ्रष्टाचाराशीं झगडण्यांत समाजानें व सरकारबाहेरच्या संस्थांनीं भाग घ्यावा म्हणून प्रत्येक सरकारनें तजवीज करावी. कलम सुरेख आहे.

करार पाळला जातो कीं नाहीं हें तपासण्याची रीत २००९ सालीं कतारमधील दोहा येथें ठरली. प्रत्येक देशाची तपासणी दुसरे दोन देश करतात. ते चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि त्यांतला एक त्याच भूप्रदेशाच्या गटांतला असतो. देशानें प्रथम आपलें परीक्षण आपणच लिहावयाचें, मग तपासनिसांनीं प्रश्न विचारावयाचे, शेवटीं अहवाल. येथपर्यंत माझे जुने सहकारीही मान डोलावतील. पुढें मात्र असें आहे कीं अहवालाचा सारांश तेवढा सर्वांपुढें येतो. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध करावयाचा कीं नाहीं तें त्या त्या देशाच्या मर्जीवर. स्वपरीक्षणाचें तसेंच. तपासनिसांनीं नागरिकांच्या संस्थांना भेटावें काय, हेंही मर्जीवर. पहिली फेरी २०१० मध्यें सुरू झाली, दुसरी २०१६ मध्यें. दुसरी पांच वर्षांत संपावयाची होती, ती दशक उलटत आलें तरी चाललीच होती.

या सर्वांवर देखरेख करणारी जी समिती व्हिएन्नास बसते तिच्या बैठकींत या संस्थांना निरीक्षक म्हणूनही प्रवेश नाहीं. २०११ सालीं माराकेशच्या परिषदेंत तडजोड निघाली ती अशी : बैठकीला लागून संस्थांसाठीं एक वेगळी माहितीसभा भरवावी. ती भरते. तींत बोलतांही येतें. अट एवढीच कीं कोणत्याही विशिष्ट देशाच्या परिस्थितीचा उल्लेख करावयाचा नाहीं. चोराचें, गांवाचें व घरधन्याचें नांव न घेतां चोरीची फिर्याद मांडणें ज्यांना साधतें त्यांच्या बुद्धीचें कौतुक करावें तितकें थोडें.

या दाराबाहेर उभी आहे ती नागरी संस्थांची एक आघाडी. कराराच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘अनकॅक कोॲलिशन’ म्हणतात. ऑगस्ट २००६ मध्यें ती स्थापन झाली. शंभराहून अधिक देशांतील साडेतीनशेंहून अधिक संस्था तींत आहेत, आणि तिचें कार्यालय व्हिएन्नांतच आहे. तिनें सरकारांकडे एक वचन मागितलें आहे. तपासणीचें वेळापत्रक व जबाबदार कचेरी कोणती तें जाहीर करावें, काम पुरें झालें कीं सांगावें, स्वपरीक्षण व पूर्ण अहवाल प्रसिद्ध करावेत, निष्कर्षांवर उघड चर्चा करावी, आणि समितीच्या बैठकींत संस्थांना बसूं द्यावें. कांहीं सरकारांनीं हें वचन दिलें. बहुतेकांनीं दिलेलें नाहीं. जेथें माहितीचा कायदा आहे तेथें सदस्य संस्था सरळ अर्ज करून अहवाल मागवितात, आणि जेथें सरकार स्वतःची स्तुती लिहितें तेथें शेजारीं आपला समांतर अहवाल लिहून ठेवतात. ही दुसरी युक्ति मला फार आवडली.

त्या दिवशीं दुपारीं ठाण्याशेजारच्या बागेंत पुतणीनें माझी एका बाईंशीं ओळख करून दिली. अशाच एका लहान संस्थेच्या वतीनें त्या व्हिएन्नास आल्या होत्या. पूर्वीं त्या शाळेंत गणित शिकवीत. त्यांचें नांव, देश किंवा संस्था लिहावयाची नाहीं असें त्यांनीं बजाविलें आहे. वाचकांनींही तर्क करूं नये. अशा आघाडीला दर कांहीं वर्षांनीं आपलें धोरण नव्यानें आखावें लागतें. सदस्यांचीं मतें मागवितात, मसुदे फिरतात. पुढच्या धोरणांत काय असावें याविषयीं आपल्या संस्थेचें म्हणणें त्या लिहून काढीत होत्या, आणि पुतणी त्यांचें इंग्रजी नीट करीत होती.

वेळ कठीण होती. २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेनें परदेशांना द्यावयाची मदत एकाएकीं थांबविली, आणि जगभरच्या कितीएक लहान संस्थांच्या तिजोऱ्या महिन्यादोन महिन्यांत रित्या झाल्या. परदेशीं अधिकाऱ्यांना लांच देणें गुन्हा ठरविणारा अमेरिकेचा १९७७ चा कायदा हा या सर्व चळवळीचा थोरला भाऊ. त्याचाही अंमल फेब्रुवारींत अध्यक्षांच्या आज्ञेनें तात्पुरता थांबला. आणि डिसेंबरांत दोह्यास करारपक्षांची परिषद भरावयाची होती. थोडक्या पैशांत काय करावें आणि काय सोडावें, हा प्रश्न.

मीं न विचारतां आपलें मत दिलें. हिशेबनिसांना ही खोड असते. म्हटलें, व्हिएन्नाचें हें दार सोडून द्या. आंत घेत नाहींत, बाहेर बसवितात आणि देशाचें नांव घेऊं देत नाहींत. त्यापेक्षां येथल्या फेरीचा खर्च वांचवून घरीं खेड्यांत एक माणूस ठेवा.

बाई म्हणाल्या, “एका फेरीच्या खर्चांत आमच्या कचेरीचें चार महिन्यांचें भाडें निघतें, हें मी रोज मोजतें. पण घरीं जे अधिकारी माझ्या पत्राला वर्षभर उत्तर देत नाहींत ते येथें कॉफीच्या रांगेंत माझ्या मागें उभे असतात. दुसऱ्या देशांच्या लोकांदेखत त्यांना मला नमस्कार करावा लागतो. तो नमस्कार मी घरीं नेऊन सहा महिने वापरतें.”

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मग मीं दुसरें मत दिलें, आणि त्याविषयीं मला शंका नव्हती. जी आघाडी सरकारांकडे हिशेब मागते तिनें आपलें सर्व उघडें ठेवावें : पैसा कोठून आला, निर्णय कोणी घेतले, सभेला कोण कोण होतें, सदस्य कोण. त्यांतून कांहीं झांकलें कीं विरोधकाला बोट दाखवावयास जागा मिळाली.

बाई थोडा वेळ बेटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनीं सांगितलें तें असें. मागें एका सभेचें छायाचित्र प्रसिद्ध झालें होतें. सभा कोणाची, कोठें, हें त्या बोलल्या नाहींत. छायाचित्रांत त्यांचा एक सहकारी दुसऱ्या रांगेंत उभा होता. तो घरीं परतल्यावर आठवड्याच्या आंत त्याला बोलावणें आलें. दोन दिवस बसवून ठेविलें. मारहाण नाहीं, कांहीं नाहीं. तिकिटाचे पैसे कोणी दिले, शेजारीं उभी असलेली बाई कोण, एवढेच प्रश्न पुन्हां पुन्हां. तो सुटून आला तो संस्थेचें काम सोडून. त्याच्या मुलीची शाळाही बदलावी लागली. “शेजारीं उभी असलेली बाई मीच,” त्या म्हणाल्या.

मीं विचारलें, “मग सुरक्षिततेसाठीं गुप्तता पाळावी असें तुमचें म्हणणें. तुमचें सरकारही हेंच म्हणत असेल.”

“हेंच म्हणतें. अगदीं याच शब्दांत,” त्या म्हणाल्या. “म्हणून आमचें म्हणणें आणि त्यांचें म्हणणें यांत भेद कोठें आहे तें मला एका वाक्यांत लिहावयाचें आहे. तीन दिवस झाले, तें वाक्य जमत नाहीं.”

आम्ही तिघें गप्प बसलों. मला, कां कोण जाणे, आमच्या घरची शिसवी पेटी आठवली आणि मीं ती गोष्ट त्यांना सांगितली. आमच्या एकत्र कुटुंबाचा कारभार थोरल्या काकांनीं तीस वर्षें पाहिला. रोजकीर्द ते रोज रात्रीं जेवणानंतर लिहीत, वही पेटींत ठेवीत आणि किल्ली जानव्याला बांधीत. वही दाखवा म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें. पुढें एका वर्षीं कोंकणांतली थोडी जमीन विकली गेली आणि तिचा पैसा कोठें गेला तें कोणाला कळलें नाहीं. धाकट्या काकांच्या मनांत अढी बसली. त्यांनीं चूल वेगळी केली. बारा वर्षें दोघे भाऊ एकाच आळींत राहून बोलले नाहींत. थोरले काका गेल्यावर हिशेबाचा जाणता म्हणून पेटी माझ्यापुढें ठेवली. पैन् पै जागेवर होती. जमिनीचा पैसा धाकट्या काकांच्याच मुलाच्या दुखण्यांत गेला होता. दवाखान्याचें बिल कमी करून घेतलें आहे असें त्यांना तेव्हां सांगितलें होतें. भावाला उपकाराचें ओझें नको म्हणून. मीं ओटीवर जाऊन तें पान त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा काढून पुसला, आणि पुन्हां डोळ्यांवर चढविला नाहीं.

बाईंनीं विचारलें, “त्यांनीं आधींच सांगितलें असतें तर?”

“तर धाकट्या काकांनीं पैसे घेतले नसते,” मीं म्हटलें. “तोही स्वभाव तसाच.”

पुतणीनें ही गोष्ट प्रथमच ऐकली. तो दुखणाईत मुलगा म्हणजे तिचे वडील, माझे चुलतभाऊ.

मग आम्ही त्या वाक्याला लागलों. पैसा व निर्णय यांत कांहीं झांकावयाचें नाहीं, यावर लगेच एकमत झालें. दुसऱ्याच्या वतीनें ज्याच्या हातीं पैसा वा अधिकार आला त्याला मर्जी नाहीं. माणसाचें नांव व चेहरा यांची गोष्ट निराळी. तें उघडें करावयाचें कीं नाहीं हें त्याचें त्यानें ठरवावें, आणि प्रत्येक वेळीं त्याला नव्यानें विचारावें, कारण गेल्या वर्षीं ज्याला भय नव्हतें त्याला यंदा असूं शकतें. यावर मीं माझ्या धंद्यांतली एक भर घातली. कचेरींत मोहोरबंद पाकीट ठेवण्यास हरकत नसते; परंतु पाकीट ठेविलें याची नोंद उघड्या वहींत लागते. तसें किती नांवें झांकलीं, कोणत्या कारणास्तव, कोणी मंजुरी दिली आणि त्याचा पुन्हां विचार केव्हां करावयाचा, एवढें आघाडीनें दर वर्षीं सांगावें, आणि ती मोजणी बाहेरच्या तपासनिसानें पाहावी. सरकारांच्या गुप्ततेला ही वही नसते. थोरल्या काकांच्याही नव्हती. पेटींत काय आहे हें राहो, पेटींत कांहीं आहे हेंच विचारण्याची सोय नव्हती.

बाईंनीं हें सर्व बारीक अक्षरांत लिहून घेतलें. वाक्य अखेर एकाचीं पांच झालीं. पुतणी म्हणाली, पांच वाक्यें कोणी वाचणार नाहीं. बाई म्हणाल्या, समितीचे अहवाल शंभर पानांचे असतात, त्यांना पांच ओळी जड जाऊं नयेत. ही सूचना इतर सदस्यांना पटेल कीं नाहीं हा पुढचा प्रश्न. मोठ्या देशांतील मोठ्या संस्थांना ती कटकट वाटेल, असें त्यांचें भाकीत होतें. त्यांच्या लोकांना कोणी दोन दिवस बसवून ठेवीत नाहीं.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही सगळे बेटावर फिरावयास गेलों. जांवईबापूंनीं नदीकडे पाठ करून आम्हांला उभें केलें. छायाचित्र घेण्यापूर्वीं बाई सहज बाजूला झाल्या आणि त्यांनीं माझी छत्री हातांत घेऊन ठेविली. त्या छायाचित्रांत मी आहें, पुतणी आहे आणि मागें हिरवट पाणी आहे. छत्रीचा दांडाही आलेला नाहीं.

पुण्यास परतलों तों पाऊस लागला होता. श्रावणांत पुतणीचा निरोप आला कीं बाई सुखरूप पोहोंचल्या आणि त्यांनीं त्या पांच ओळी, एक शब्द न गाळतां, पाठवून दिल्या. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस ऑस्ट्रियाचा नवा कायदा लागूं झाला; जांवईबापूंनीं आपल्या नगरपालिकेकडे पहिला अर्ज केला, रस्त्यावरील झाडें कोणाच्या हुकुमानें तोडलीं म्हणून. डिसेंबरांत दोह्यास परिषद भरली. बाई तेथें गेल्या होत्या कीं नाहीं हें मला ठाऊक आहे. पण तें लिहावयाचें नाहीं असें आमचें ठरलें आहे.